पाव वळसा

आईच्या उजव्या पायातून येणारा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला तो आवडला होता.

रविवारची सकाळ होती. आई ओट्याशी उभी राहून वांगी चिरत होती. 'उभी राहून' हे शब्द आमच्या घरात सहा वर्षं कुणी वापरले नव्हते. आई एसटीत कंडक्टर होती. घाटात गाडी कलंडली, तिच्या मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गप्प झालं. तेव्हापासून चाकांची खुर्ची. दोन महिन्यांपूर्वी तिला चालायची चौकट मिळाली. कमरेला पट्टा, मांड्यांना आणि पोटऱ्यांना बाहेरून नळ्या, गुडघ्यांत मोटर, पाठीला बॅटरी, हातांत दोन कुबड्या. सगळं मिळून पाच किलो. आई तिला 'माझा बाहेरचा सांगाडा' म्हणायची.

तेलाची बाटली घ्यायला ती वळली आणि मांडीच्या नळीतून आवाज आला. टिक्.

"काय वाजलं गं?"

"ते व्हय? आठवडाभर वाजतंय. वळलं की वाजतंय, पैंजण घातल्यागत." ती हसली. "तुझ्या बापाला तीस वर्षांत जमलं न्हाई. तुझ्या कंपनीनं घातलं बघ पायात."

बाबा आतून म्हणाले, "ऐकू येतंय मला."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

मीही हसले. आवाज बारीक होता, कोरडा, काच नखाने वाजवावी तसा. मला वाटलं, गुडघ्यातला स्क्रू असेल. पाना घेऊन चारही स्क्रू तपासले. चारही घट्ट होते.

"उद्या हिंदुराव रिक्षा घेऊन येणार हायत," आई म्हणाली. "त्यांची पाळी चालू हाय देवळात. नवस फेडून टाकते."

हिंदुराव गुरव आमच्या कारखान्यात प्रेस चालवतात. कोल्हापूरपासून तीस किलोमीटरवरचं कातळी त्यांचं गाव. तिथल्या झरेश्वराच्या पूजेची पाळी गुरवांच्या घराघरांत फिरते. आपली पाळी आली की हिंदुरावमामा आठ दिवस रजा टाकतात, मग कारखाना बंद पडो की जळो. दवाखान्यात असताना आई त्यांना म्हणाली होती, "उभी राहिले तर तुमच्या देवाला पाच फेऱ्या घालीन, माझ्या पायानं."

सोमवारी नऊला दोघं गेली. आईने इरकल नेसलं होतं आणि सांगाड्याच्या कमरपट्ट्याला गजरा बांधला होता. मी कारखान्यात आले. त्या आवाजाने मात्र माझी पाठ सोडली नव्हती.

*

आमचा कारखाना लहान आहे. आम्ही मॅग्नेशियम तिंबतो.

भार पेलायला वापरता येतील अशा धातूंत मॅग्नेशियम सगळ्यात हलका, पोलादाच्या पाव वजनाहूनही कमी. पण स्वभावाने हट्टी. त्याचे अणू षटकोनी थरांत रचलेले असतात. पत्त्यांचा जुडगा डोळ्यांसमोर आणा. आडवा ढकलला तर पत्ते सहज घसरतात; कडेवर उभा करून दाबला तर घसरायला वाट नसते. धातू वाकतो तेव्हा आत असेच थर घसरत असतात. थर घसरले नाहीत तर तो वाकत नाही, तुटतो. मॅग्नेशियम एकाच दिशेने सुखाने घसरतो. बाकी दिशांनी जोर आला की त्याच्या आतला एखादा भाग अचानक उलटून आरशातल्या प्रतिमेसारखा बसतो, आणि हे उलटणं कधीकधी कानाला ऐकू येतं.

यावर एक उपाय आहे. कुठलाही धातू म्हणजे बारीक स्फटिककणांचा गच्च ढीग. कण जितके बारीक तितक्या त्यांच्या सीमा जास्त, आणि प्रत्येक सीमेवर घसरणं अडतं, म्हणून धातू मजबूत होतो. शिवाय कणांची तोंडं सगळ्या दिशांना असतील तर जोर कुठूनही येवो, कुणी ना कुणी घसरायला तयार असतंच. म्हणून तो लवतोही. एरवी मजबुती वाढवली की लवचीकपणा जातो. इथे दोन्ही पदरात पडतं.

कण बारीक करायचे ते तिंबून, पुरणपोळीची कणीक तिंबतात तसे. आमच्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, काटकोनात वळलेलं भुयार आहे. अडीचशे अंशांना तापवलेली चौकोनी कांडी, कारखान्याच्या भाषेत 'जॉब', वरून घालायची आणि प्रेसने दाबायची. वळणावर तिचा कण न् कण पिळवटून निघतो, पण बाहेर येते ती तेवढ्याच जाडीची. म्हणून तीच कांडी पुन्हा घालता येते. असं चार वेळा. मात्र दर खेपेला कांडी पाव वळसा फिरवून घालायची, आणि दर वेळी एकाच दिशेला. भाकरी फिरवत फिरवत थापली तरच सगळीकडून सारखी होते, तसं.

पंधरा लॉटपर्यंत हे फिरवणं यांत्रिक हात करायचा. मग तो बिघडला. सुटा भाग यायला सहा महिने लागणार होते. सोळावा लॉट हिंदुरावमामांनी सांडशीने, हाताने केला. त्यांना शिकवलं मी.

"मामा, कांडीच्या तोंडावर ही छिन्नीची खूण. दर वेळी पाव वळसा. देवळाला फेरी घालता ना, तसा."

"मग सोपंच झालं की मॅडम," ते म्हणाले होते. "जन्म गेला की त्यात."

सोळाव्या लॉटच्या कांड्या कोरून केलेल्या नळ्यांतून नऊ सांगाडे झाले. आईला त्यातलाच हवा होता, हिंदुरावांच्या हातचा.

*

प्रत्येक लॉटच्या कांडीचा एक तुकडा आम्ही कपाटात जपून ठेवतो. सोळाव्याचा तुकडा काढला, कापला, आरशासारखा घासला, आम्लात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शेजारी पंधराव्याचा.

पंधरावा खसखस पसरल्यासारखा होता. गोल, बारीक, सगळीकडे सारखा.

सोळाव्यातले कण लांबट होते आणि सगळे एकाच अंगाला कलंडले होते. वाऱ्याने भाताचं रान झोपवावं तसे.

मी तुकडा काढून पुन्हा घासला. माझंच काहीतरी चुकलं असेल अशी आशा होती. पुन्हा तेच रान दिसलं.

तपासणीत हा लॉट उत्तम ठरला होता. आम्ही नमुना लांबीच्या दिशेने ओढून बघतो, आणि लांबीच्या दिशेने तो आजवरचा सगळ्यात चिवट होता. पिळून मात्र कुणी बघितला नव्हता. मी पिळायच्या यंत्रात नळीएवढा नमुना अडकवला. आईचं वजन आणि ती जागच्या जागी पूर्ण वळली तर मांडीवर येईल तेवढा जोर भरला. घरात ती पाऊल पाऊल सरकवत वळते, तेव्हा पीळ थोडा पडतो. अडचणीच्या जागी तसं जमत नाही.

पहिला पीळ. टिक्.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. दुसरा पीळ, टिक् टिक्. तिसरा. चौथा. पाचव्याला नमुना तुटला. आधी ना वाकला, ना लवला. नुसता तुटला.

मी प्रेसची नोंद उघडली. सोळावा लॉट, प्रत्येक कांडी: अधिक नव्वद, उणे नव्वद, अधिक नव्वद.

उणे.

मग आठवलं. त्या दिवशी प्रेस सारखी थांबत होती. पडद्यावर 'उणे नव्वद' यायचं आणि गजर वाजायचा. सेन्सर उलटा बसला असणार असं मी ठरवलं, आणि तपासणीच्या प्रोग्रॅममधून अधिक-उणेचं चिन्ह काढून टाकलं. नव्वद आहे? आहे. मग चालू दे. ती एक ओळ मी चहा पिता पिता बदलली होती.

मी मगदूम साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साठीचा माणूस, कारखान्याचे मालक. त्यांनी फोटो बघितले, नोंद बघितली.

"हा गडी एकदा उजवीकडे फिरवतो, एकदा डावीकडे. का?" ते म्हणाले. "हिंदुराव आळशी नाही. तू त्याला काय सांगितलं होतंस?"

"देवळाला फेरी घालतात तसा."

त्यांनी चष्मा काढला. "कुठल्या देवळाला?"

मी पुन्हा नोंदीकडे बघितलं.

"गुरव माणूस तो, समीक्षा. शंकराच्या देवळात पूर्ण फेरी असते का? अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हाळी ओलांडत नाहीत. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं माघारी. त्यानं तुझं तंतोतंत ऐकलं बघ."

माझ्या डोक्यात एकदम देऊळ उभं राहिलं. लहानपणी मी तिथे गेले होते. मागच्या बाजूची अरुंद कड. तिच्या टोकाला पन्हाळी. आणि तिथे जागच्या जागी वळणं.

"साहेब, आई आज तिथंच आहे."

फोन लावला. आईचा लागेना, मामांचा लागेना. कातळीच्या घळीत आजही रेंज नाही. साहेब यादी काढत होते. सांगाड्यांना इथून 'बसा' असा हुकूम देता येतो, पण माणूस जिन्यावर असला तर तोच हुकूम त्याला पाडेल. "आठ जणांना मी एकेक करून फोन करतो," ते म्हणाले. "आहात तिथं कशाचा तरी आधार घ्या, सांगतो. तू नीघ."

*

तीस किलोमीटर मी स्कूटरवर नुसती बेरीज करत होते. पाच फेऱ्या म्हणजे कडेवरची पाच वळणं. माझा नमुना पाचव्याला तुटला, पण तो कोरा होता. आईच्या नळ्या आठवडाभर वाजत होत्या. आठवडाभर घरातली बारीक वळणं. ती किती धरायची? बेरीज प्रत्येक वेळी वेगळी यायची आणि प्रत्येक वेळी पाचापेक्षा कमी यायची.

झरेश्वराचं देऊळ घळीच्या तोंडाशी आहे. पूर्वेला ऐसपैस फरसबंद अंगण आणि नंदी. दक्षिणेकडून वाट निघते ती देवळाच्या पाठीमागे जाऊन हातभर रुंदीची कड होते. एका अंगाला गाभाऱ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला सरळ खाली वीस फूट, आणि तळाला ओढ्यातले दगड. कठडा नाही. ही कड वळून उत्तरेला येते आणि पन्हाळीपाशी थांबते. पन्हाळीच्या अलीकडे, म्हणजे नंदीकडच्या बाजूला, पुन्हा अंगण. तिथे दगडी बाक.

पायऱ्या उतरून मी नंदीपाशी आले. मामांनी मोजणीसाठी नंदीच्या पाठीवर बेलाची पानं ठेवली होती. तीन.

चौथी फेरी चालू होती. आई दिसत नव्हती. देवळामागून कुबड्यांचा आवाज येत होता. टक, टक. आणि मध्येच, बारीक, टिक्.

मी उत्तरेच्या बाजूला धावले आणि पन्हाळीपाशी उभी राहिले. वीतभर रुंद दगडी पन्हाळ, तिच्यातून फुलांचं पाणी चाललेलं. तेवढ्यात आई कोपऱ्यावरून पुढे आली. तिच्या एक पाऊल मागे हिंदुरावमामा होते, सोवळ्यात, दोन्ही हात तिच्या पाठीशी तयार ठेवून. कड इतकी अरुंद की त्यांना तिच्या शेजारी येता येत नव्हतं.

"अगं! तू कामावर न्हाईस?" आईचा चेहरा घामाने चमकत होता. इतकी खूश मी तिला अपघातानंतर बघितली नव्हती. "चौथी हाय. एकदासुद्धा हात धरू दिला न्हाई मी. विचार ह्यांना."

ती पन्हाळीपाशी पोचली. सवयीने डावी कुबडी वळायच्या दिशेने टेकवली. कंबर फिरायला लागली.

"वळू नकोस!"

माझाच आवाज घळीत घुमून परत आला. भिंतीतले पारवे उडाले. आई होती तशीच थांबली. टिक्.

"आई, हलू नकोस. कंबर सरळ कर. सावकाश."

"काय झालं पोरी?" मामा म्हणाले.

"मामा, सोळाव्या लॉटला जॉब एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं फिरवलात?"

"व्हय. तुम्हीच म्हणालात, देवळाला फेरी..."

बोलता बोलता ते थांबले. त्यांनी पन्हाळीकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे, मग आईच्या मांडीवरच्या नळीकडे. सूक्ष्मदर्शक त्यांनी आयुष्यात बघितला नसेल, पण तीस वर्षं ते लोखंडाशी बोलत आले होते.

"पीळ सोसत न्हाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"काय चाललंय तुमचं दोघांचं?" आई म्हणाली. "मला सांगा. पाय माझा हाय."

"नळी आतून तडकलीय, आई. सरळ चाललीस तर धरेल. वळलीस तर तुटेल."

तिने एकदाच डावीकडे, खाली बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं. "मग?"

"सरळ ये. माझ्याकडे. दोन पावलं फक्त."

"हे वलांडून?"

"हो."

"शिवाचं वलांडत न्हाईत, समे."

"आई, आत्ता हे..."

"सहा वर्षं खुर्चीत बसून त्याला म्हणत हुते, उभी कर. त्यानं केली. आणि आज त्याच्या दारात मी त्याचं पाणी वलांडू? मागंच घ्या मला. हिंदुराव, मागं सरता येतंय का बघा."

मामांनी मान हलवली. "त्यो कोपरा हाय शालनताई. मागं जायाचं म्हटलं तरी वळायला लागतंयच."

टिक्. या वेळी ती हललीही नव्हती. उभ्या उभ्या वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं असेल, इतकंच. तिने तो आवाज ऐकला आणि तिचे डोळे बदलले. आठवडाभर तिला त्यात पैंजण ऐकू येत होतं. आता आम्ही तिघंही तेच ऐकत होतो.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तुला देवाने नाही उभं केलं, मोटरींनी केलं, बॅटरीने केलं. पण मग पाडणार कोण होतं? नळी तर मी पास केली होती.

"पोरी," मामा म्हणाले. आवाज एकदम शांत, देवळातला. "नंदीवरची पानं आण. पळ."

"मामा, आत्ता पानं..."

"पळ म्हणतो न्हवं!"

मी पळाले. तीन पानं उचलली. परत येईपर्यंत मी कानांनीच बघत होते. काही पडल्याचा आवाज आला नाही.

"टाक पन्हाळीवर, आडवी. ताई, नीट ऐका. मधी पान आलं, काडी आली, न्हाईतर दगूड आला, तर वलांडायला दोष न्हाई. माझा बा सांगायचा. आता ते पाणी उघडं न्हाई."

पहिलं पान पाण्याने ओढून नेलं. दुसरं ठेवलं, तेही सरकायला लागलं.

"खडा ठेव त्याच्यावर," मामा म्हणाले. "घाई नगं. देवाचं काम हाय."

मी तिसरं पान ठेवलं, दोन्हींवर एकेक खडा ठेवला. ती राहिली. पाणी त्यांच्याखालून जात राहिलं.

आईने पानांकडे बघितलं, मग कळसाकडे. "ह्या तीन फेऱ्या तरी धरशील न्हवं?" ती पुटपुटली. ते मला उद्देशून नव्हतं.

"डावी कुबडी आधी. सरळ. बोटं माझ्याकडे ठेव," मी म्हणाले.

कुबड्या पलीकडून अलीकडे आल्या. गुडघ्यातली मोटर गुणगुणली. डावा पाय उचलला गेला, पानांवरून आला, माझ्या पायांपुढे टेकला. आता सगळा भार मागच्या उजव्या पायावर. टिक् टिक् टिक्. सलग. यंत्रात नमुना तुटण्याआधी असंच वाजलं होतं.

"ये!"

मी कमरपट्टा पकडला, गजऱ्यासकट, आणि ओढलं. मागून मामांनी पन्हाळीपर्यंत वाकून तिला ढकललं. उजवा पाय फरफटत आला. आम्ही दोघी बाकावर जवळजवळ कोसळलो. आईचं डोकं माझ्या खांद्यावर आदळलं.

हिंदुरावमामा पन्हाळीच्या पलीकडे उभे होते. मध्ये पानं होती, त्यांना एक पाऊल टाकलं की झालं असतं. त्यांनी हात जोडले, मागे वळले आणि ती सबंध कड चालून, देवळाला वळसा घालून आमच्याकडे आले.

मी बकलं सोडली. मामांनी मांडीची उजवी नळी उचलली आणि ओलं धोतर पिळावं तशी दोन्ही हातांनी जरा पिळली. फार जोर लावला नाही. तिचे दोन तुकडे त्यांच्या हातात आले. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे पांढरे कण चमकत होते.

मामा खाली बसले. तुकडे त्यांनी मांडीवर घेतले.

"हे माझं," ते म्हणाले.

"नाही मामा. प्रेस मला सांगत होती. मी तिचं चिन्ह पुसलं."

आईने पायांवर इरकलाचा पदर ओढून घेतला.

*

संध्याकाळपर्यंत साहेबांनी आठही जण शोधले. सात जण आधीच बसले होते. आठवे पीठगिरणीचे मालक, इस्लामपूरचे. फोन पोचायच्या आधी ते गिरणीच्या पायरीवर ग्राहकाला पीठ द्यायला वळले होते. मनगट मोडलं, कपाळाला नऊ टाके पडले. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला चहा पाजला.

मामा प्रेसवर यायला तयार नव्हते. साहेबांनी त्यांना आणायला मला पाठवलं. त्यांच्या ओसरीवर मी विचारलं, "मामा, पानांचं ते खरं होतं?"

"बा म्हणायचा," ते म्हणाले. "मी कधी करून बघितलं न्हवतं. त्या येळेला त्यांचा पाय उचलला पायजे हुता." मग थोड्या वेळाने, "तुमचं ते मशिनीचं खरं असतंय का सगळं?"

मी स्कूटर चालू केली आणि ते मागे बसले.

सतरावा लॉट आम्ही दोघांनी केला. ते सांडशीने कांडी फिरवायचे आणि मी शेजारी उभी राहून मोठ्याने म्हणायचे, उजवी, पाव. उजवी, पाव. प्रोग्रॅममधलं चिन्ह मी परत घातलं होतं, तरीही. त्या लॉटच्या नळ्या लांबीने ओढल्या, दोन्ही दिशांनी दोन लाख वेळा पिळल्या. एकही वाजली नाही.

दीड महिन्याने नवा सांगाडा घरी आला. बकलं लावायला मामाच आले होते. दीड महिना आईने उभं राहायचा विषय काढला नव्हता. खुर्चीतून ती उठली तेव्हा बाबा दारात उभे होते, आत आले नाहीत. ती ओट्यापर्यंत गेली, चार पावलं, सरळ. कुबड्या ओट्याला टेकल्या.

स्वयंपाकघरात कसलाही आवाज नव्हता.

"वाजत न्हाई गं आता," आई म्हणाली. पाठ आमच्याकडे होती.

"वाजायला नको आहे, आई."

"ते मला कळतंय. पण मग कळायचं कसं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. दोन लाख पिळांचा अहवाल मीच लिहिला होता. सगळे आकडे जिभेवर होते.

आईने डावी कुबडी उचलली आणि हवेतच धरून ठेवली.

"वळू?" तिने विचारलं.

मी तिच्यापाशी जाऊन खाली बसले, तळहात उजव्या नळीवर ठेवला. ती गार होती आणि गप्प होती.

"वळ," मी म्हणाले, आणि नळीला कान लावला.